डाव्या खांद्यावरचं बटण

बटणच्या डाव्या खांद्यावर बोट दाबलं की ती बंद पडायची. हात वर असला तर वरच राहायचा, तोंड उघडं असलं तर उघडंच. नाकावर माशी बसली तरी पापणी हलायची नाही. पुन्हा कुणी खांदा दाबला की मगच चालू. एकदा प्रार्थनेच्या रांगेत कुणीतरी तिला बंद केलं आणि सगळा वर्ग आत निघून गेला. गुरुजी हजेरी घेताना "मनीषा, मनीषा" करताहेत आणि मनीषा बाहेर उन्हात हात जोडून उभी. त्यांनी कान धरून आत आणलं तर म्हणते कशी, "गुरुजी, कान न्हाई, खांदा दाबायचा असतो!" त्या दिवसापासून मनीषा हे नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

हे खूळ आलं दूध संस्थेतून. शिरूर कासारच्या पुढे आमचं गाव. चांगल्या दिवसांत सहकारी दूध संस्थेनं एक टीव्ही घेतला होता, जनावरांची निगा कशी राखावी हे लोकांना दाखवायला. मग लागोपाठ पाऊस रुसला. जनावरं काही छावणीत गेली, काही बाजारात, आणि संस्थेत पालथ्या किटल्यांची रांग तेवढी राहिली. दूध थंड करायचं मशीन सांभाळणारे रशीदचाचा बिनकामाचे झाले. ते संध्याकाळी आम्हा पोरांना टीव्ही लावून द्यायचे. त्यावर एक जपानी कार्टून लागायचं, हिंदीत बोलणारं. त्यात यंत्राची एक पोर होती. गल्लीतल्या लोकांच्या मदतीला धावायची आणि घोळ घालून यायची. म्हातारीला गाडीत बसायला मदत कर म्हटलं तर म्हातारीसकट गाडीच उचलायची. आम्ही हसून हसून लोळायचो.

बटण मात्र हसता हसता त्या यंत्राच्या पोरीचा हिशेब लावत बसायची. मला म्हणायची, "सुरे, हिचं बरं हाय. हिला तहान लागत न्हाई, भूक लागत न्हाई. आपल्या गावात पाहिजे व्हती." चाचा तिला चिडवायचे, "बटण, तुझी सर्विसिंग कधी करायची?" ती म्हणायची, "चाचा, मला दहावीपातूर चालू ठेवा. मग कुठं बी फिट करा." चाचांनी खरंच मनावर घेतलं होतं. दहावी झाली की हिला बीडच्या आयटीआयला घालायचं आणि पाऊसपाणी सुधारलं की संस्थेचं मशीन हिच्या हाती द्यायचं, असं त्यांनी तिच्या बापाजवळ बोलूनही ठेवलं होतं. मशीनचं झाकण उघडलं की ती तासन्‌तास आत डोकं घालून बसे. दहावी हे तिचं एकच वेड होतं, आणि आम्हाला वाटायचं, ते साधंच तर आहे.

त्या वर्षी टँकर आला की गावात रणधुमाळी व्हायची. सख्ख्या जावा घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. बटण तिथंही यंत्र होऊन जायची. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी, मान ताठ, गुडघे न वाकवता टक टक टक चालायची. मागं लहान पोरांची रांग, तीही तशीच टक टक करत. भांडणाऱ्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसायच्या. तिच्या आजारी चुलतीचं पाणी तीच भरायची, शेजारच्या म्हातारीचंही. "दमलीस का गं?" विचारलं तर डोळे गरगर फिरवून म्हणायची, "मशीन दमत न्हाई!" मी तिच्या मागंच असायची. घरात शिरल्यावर भिंतीला पाठ लावून ती कशी धापा टाकायची, ते मला ठाऊक आहे.

दसरा उलटला आणि ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम आला. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बिनलग्नाचा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम हात राखूनच घेतो. त्यामुळं टोळ्या कारखान्याकडं निघायच्या आधी गावोगाव लग्नांची एकच घाई उडते. या मुकादमाचा पुतण्याच अर्धा कोयता होता. मुकादम संस्थेच्या ओट्यावर तंबाखू मळत बसला होता आणि समोरून आमची बटण टक टक करत तिसरी खेप घेऊन चालली होती.

"कुणाची रं ही पोर?" त्यानं शेजारच्याला विचारलं. "थकतच न्हाई की!"

चाचा तिथंच होते. म्हणाले, "मुकादम, खेळ हाय तिचा. पोरगी दमलेली हाय, दाखवत न्हाई."

"दमंना का. दाखवत न्हाई न्हवं? मग झालं तर."

त्यानं पुतण्यासाठी तिला मागणी घातली. चाचांनी तिच्या बापाला परोपरीनं सांगितलं. मशीनसुद्धा मधून मधून बंद ठेवावं लागतं, नाहीतर जळतं, हेही सांगितलं. पण दुष्काळात चालून आलेलं स्थळ कोणता बाप परत पाठवेल? नववीचं पुस्तक मिटलं आणि हळद लागली. हळदीच्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, "सुरे, मी तर नुसती खेळत व्हते गं."

टोळी निघाली त्या सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चुली, पत्रे, शेळ्या, पोरं सगळं चढलं. ती चढायला लागली तशी मी धावत गेले आणि तिचा खांदा दाबला. दुसरं काय करणार? बटण बंद झाली. एक पाय चाकावर, एक जमिनीवर. ड्रायव्हर ओरडला, सासू ओरडली, ती हलेना. शेवटी तिचा नवरा खाली उतरला. लाजरं पोरगं होतं, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. त्यानं भीत भीत एका बोटानं तिचा खांदा दाबला आणि म्हणाला, "चल की." ती हसली आणि चढली. मी घरी येऊन जेवले नाही.

पुढं मी शिकले आणि आमच्याच शाळेवर बाई झाले. ती दर वर्षी हंगाम संपला की यायची, आदल्या वर्षीपेक्षा थोडी वाळून. मुलगी झाली, गौरी. मग एका डॉक्टरनं बटणची गर्भाची पिशवी काढून टाकली. तिशीला अजून बरीच वर्षं होती. मला सांगताना हसत होती. "मशीनचा एक पार्ट काढला, सुरे. मुकादम म्हणला, आता खाडे व्हनार न्हाईत." मला असा संताप आला की पाण्याचा तांब्या मी ओट्यावर आपटला. ती म्हणाली, "तुझं बटण कुठंय गं?"

तिला चिडलेली मी एकदाच पाहिली. गौरी सहा वर्षांची झाली होती. आईची नक्कल करत, डोक्यावर छोटी घागर घेऊन अंगणातून टक टक करत आली. आम्ही बाया कौतुकानं हसलो. बटणनं उठून पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच तिला पोटाशी धरून बसली. "ही एवढी एक गोष्ट माझी शिकू नको," म्हणाली. "घागर जड झाली की खाली ठेव. सांडली तर सांडू दे. थकलीस की मोठ्यानं सांग. चार मानसांत सांग. न थकणाऱ्या बाईला कुनी बसू देत न्हाई, बाळा." त्या हंगामापासून ती गौरीला माझ्याकडं ठेवून जायला लागली. "हिला दहावीपातूर चालू ठेव," एवढंच सांगायची.

दोन हंगामांनंतर टोळी आली, ती आली नाही. अंगात ताप असताना मोळ्या वाहत होती म्हणे. मधेच फडाच्या कडेला मोळीला टेकून बसली, डोळे उघडे, हात मांडीवर. तिचा खेळ साऱ्या टोळीला पाठ होता. बायका हसल्या, "बटण बंद पडलं बया." काम चालू राहिलं. बऱ्याच वेळानं नवऱ्यानं येऊन खांदा दाबला. पुन्हा दाबला. मला हे सांगताना तो आपल्या बोटाकडंच बघत होता. चाचा आता फार थकलेत. त्यांनी ऐकलं आणि संस्थेत जाऊन बंद मशीनचं झाकण उघडून बसले.

गौरी यंदा नववीत आहे. पाऊस पुन्हा रुसलाय, टँकर पुन्हा सुरू झालाय. परवा मुकादम आला, तोच, आता म्हातारा झालेला, टोळीतल्या अर्ध्या कोयत्यांसाठी पोरी हेरायला. संस्थेच्या ओट्यावर तंबाखू मळत बसला. समोरून गौरी एक कळशी घेऊन येत होती. त्याला पाहिलं तशी ती भर रस्त्यात थांबली. कळशी खाली ठेवली, अर्धं पाणी सांडलं, आणि तिथंच धुळीत फतकल मारून ओरडली, "आई गं! मी लई थकले!"

मुकादमानं तोंड वाकडं केलं. "ही पोर काय कामाची न्हाई," म्हणाला आणि दुसरीकडं बघायला लागला.

एवढं गोड बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला बटणची फार आठवण आली. मी जाऊन गौरीशेजारी धुळीत बसले, आणि आम्ही दोघी, साऱ्या गावादेखत, बराच वेळ थकून बसून राहिलो.