आवाजाचा डबा

मी मुळात भित्रा माणूस. गॅसचा वास आला की आधी घराबाहेर पळणार आणि मग बायकोला हाक मारणार, असा. त्यामुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याने 'पासवर्ड चुकीचा आहे' असं सांगितलं आणि मी धसका घेतला, तेव्हा घरात कोणाला नवल वाटलं नाही.

डबा म्हणजे आमच्या अमरावतीच्या घरात टीव्हीशेजारी ठेवलेलं, विटेएवढं काळं यंत्र. आत दोन हार्ड डिस्क. वायफायच्या राउटरला वायरने जोडलेलं आणि कायम चालू. घरातले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं त्यात साठवलेली; कम्प्युटरवरून नाव आणि पासवर्ड टाकला की ते उघडायचं. माझा धाकटा भाऊ अकोल्याला असल्याच कामात आहे, त्याने ते बसवून दिलं होतं. त्यातले फोटो गेले असते तरी मी जगलो असतो. पण त्यात आईचा आवाज होता.

दोन वर्षांपूर्वी आईच्या घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. बोलणं जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऑपरेशनसाठी अकोल्याला निघायच्या आदल्या दुपारी मी मोबाइल ओट्यावर ठेवला आणि तिला म्हटलं, बोल काहीही. ती चाळीस मिनिटं बोलली. वरूडच्या माहेरच्या संत्र्याच्या बागेपासून माझ्या लहानपणच्या गोवरापर्यंत. ते मी डब्यात टाकलं, आणि पुढे मोबाइल बदलला तेव्हा जुना पुसून देऊन टाकला. दुसरीकडे एखादी प्रत ठेवावी, हे सुचलंच नाही. डबा आहे ना, मग झालं. आता आई पाटीवर लिहिते, आणि आम्हाला जेवायला बोलवायचं असलं की चमच्याने ताट वाजवते. ते रेकॉर्डिंग तिने कधी ऐकलं नव्हतं. तिच्यासमोर लावायची आमची हिंमत झाली नव्हती.

तर त्या सकाळी दसऱ्याचे फोटो डब्यात टाकायला बसलो. पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. तो पाहून टाकला, चुकीचा. परत टाकला. मग बायकोने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि मी एका बोटाने टाइप केलं. सहाव्यांदा डबा म्हणाला, फार वेळा चुकलात, नंतर या. दहादा चुकलं की सगळं आपोआप पुसलं जातं, असं मला कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं. मी खुर्ची मागे सारली आणि भावाला फोन लावला.

"काय करून राहिला तू?"

"पासवर्ड टाकून राहिलो. सहादा झालं."

"हात काढ आधी. दादा, तो मोबाइल थोडीच हाय, चुकल्यानं काई पुसत नाई. पण आता काईच दाबू नोको. स्क्रीननं काई इचारलं तं 'हो' तं बिलकुल म्हणू नोको. मी येऊन राहिलो."

अकोल्याहून तो येईपर्यंत दोन-तीन तास तरी जाणार होते. त्या वेळात मी डोळे मिटून आईचा आवाज आठवून पाहिला. आठवेना. ती काय बोलायची ते आठवत होतं, पण आवाज ऐकू येत नव्हता. कानात नुसता ताटावरचा चमचा. मग मात्र मी खरोखर घाबरलो. माणूस घाबरला की ओरडतो, तसा ओरडलो, "डब्याले हात कोणी लावला होता?"

"मी कायले लावू?" बायको म्हणाली. "काल आईंनी पूजेत पुसला, तेवढाच."

आई दारात उभी होती. पाटी तिने छातीशी उलटी धरली आणि ती आत निघून गेली. मी तिच्यावर ओरडलो होतो, आणि तिला उलट बोलताही येत नव्हतं. याची लाज मला नंतर वाटली. तेव्हा फक्त भीती होती. जेवायची वेळ टळली तरी ताट वाजलं नाही.

भाऊ आला तो चपला काढून सरळ डब्यापाशी गेला. "याच्या मांगं बारीक भोक हाय, त्यात रिसेटचं बटन असते. कोणी पिन घातली काय?"

कोणीच नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. त्याने मोबाइलचा टॉर्च मारला. डब्यामागे राख पडली होती आणि त्या भोकात उदबत्तीच्या काडीचं मोडलेलं टोक अडकलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या प्रत्येक अवजाराची पूजा होते. विळा, शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि केळ्यात खोचलेली एक उदबत्ती सगळ्यांत मिळून. डब्याला मात्र आईने स्वतंत्र उदबत्ती दिली होती. तो हलवायचा नाही, बंद करायचा नाही, असं मीच तिला शंभरदा बजावलेलं. म्हणून जागच्या जागी, चालू डब्याची पूजा.

आई पाटी घेऊन आली. "म्या लावली. पडू नाई म्हणून दाबली." पदराने पुसून तिने पुढे लिहिलं, "आतून वाजलं. मले वाटलं, देव पावला."

एरवी आम्ही हसून लोळलो असतो.

"आई," भाऊ म्हणाला, "किती वेळा वाजलं? एकदा वाजलं असंल तं नुसता पासवर्ड गेला. तीनदा वाजलं असंल तं..."

आईने पाटी खाली ठेवली. आतून ताट आणि चमचा घेऊन आली, आणि एकदा वाजवलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिलो. तिने चमचा खाली ठेवला.

भावाने पासवर्डची जागा कोरी ठेवून बटन दाबलं. डबा उघडला, पण कोऱ्या यंत्रासारखा. नवा पासवर्ड ठरवा म्हणाला. मग पांढरा पडदा आणि त्यावर गरगर फिरणारं चक्र. मला बघवेना.

"दादा, पाह्य इकडं."

'आई' नावाचं फोल्डर जागेवर होतं. मी नको म्हणायच्या आत त्याने त्यातलं रेकॉर्डिंग लावलं.

"चालू झालं का रे हे? मंग काय बोलू? अरे, पण तू कावून भेऊन राहिला एवढा? ऑपरेशन माहं हाय का तुहं? मी हावो ना."

मी आईकडे पाहिलं. 'मी हावो ना' म्हणताना तिचे ओठ त्या आवाजाबरोबर हलले. ते वाक्य तिने मला जन्मभर ऐकवलं आहे. मी रडलो, आणि लपवलंही नाही.

भाऊ पेनड्राइव्हवर प्रत काढत होता. आवाज पुढे वरूडच्या बागेत शिरला. दुपारचे चार वाजले होते आणि घरात कोणीच जेवलं नव्हतं. आई उठली, ताट-चमचा उचलून आत गेली, आणि तिथून ताट वाजलं.