पट्टीची गाठ

वॉर्डात तिला सगळे मावशीच म्हणत. मोठे डॉक्टरसुद्धा, आणि ते तर तिच्या वडिलांच्या वयाचे. पेशंट दगावला की त्याच्या अंगावरचे दागिने उतरवून, सामान बांधून नातेवाइकांच्या हवाली करायचं काम तिच्याकडे. सुरुवातीला घास उतरायचा नाही. आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं. कशाचंच वाटेनासं झालं होतं म्हणा.

लेक पहिल्यांदाच आठवडाभर उन्हाळी शिबिराला निघाली होती. मावशी ड्यूटीवरून आली, हात धुतले आणि तिची पिशवी भरायला बसली. चपला कागदात गुंडाळून तळाशी, त्यावर बाह्या आत दुमडलेले कपडे, चष्मा रुमालात.

"आई, कानातलं काढून या म्हणाल्यात बाई."

मावशीने बोटाला साबण लावला, दोन्ही कानांतली फुलं अलगद काढली आणि कापसात गुंडाळली.

"अय्या, दुखलंच नाही! कसं गं जमतं तुला?"

"सवय."

पिशवीची चेन बिघडलेली. मावशीने बँडेजची पट्टी आवळून गाठ मारली. सकाळी वारलेल्या आठ नंबर खाटेवरच्या आजींच्या सामानाला मारली होती, अगदी तीच गाठ. मान वर केली, तर मोकळ्या कानांची लेक समोर उभी.

मावशीने गाठ सोडली आणि अख्खी पिशवी पलंगावर उपडी केली.

"अगं, हे काय?"

"तू भर."

"मला नाही येत घड्या घालायला!"

"नको घालूस. कसंही कोंब," मावशी म्हणाली, "पण तुझं तू भर."