गाठीतली गोठ

सगुणाबाईंच्या पदराला कायम एक गाठ असे, आणि गाठीत वाळलेली मोहफुलं. वर्गात कुणी मारलं, ओरबाडलं, पाटी फेकली, तरी बाई छडीला हात लावायच्या नाहीत. गाठ सोडून दोन फुलं त्या पोराच्या हातावर ठेवायच्या. "आधी तोंडाले काम दे, मंग सांग काऊन केलं." स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. दरेकशाकडच्या आमच्या शाळेत छडीशिवाय शिकवणाऱ्या माणसाला वेडंच समजत. "लेकरू उगाच खोड्या करत नाही," त्या आयाबापांना ठणकावायच्या, "त्याले सांगता येऊन नाही राहिलं, म्हनून करते."

मी चावत असे. पहिलीत होते. कुणी जवळ बसलं की दंडाला दात. तिघींच्या आया घरी भांडायला आल्या. माझा बाप बाईंना म्हणाला, "दात पाडा तिचे." बाईंनी मला पडवीत नेलं, फुलं दिली आणि माझं चघळून होईस्तोवर तांदूळ निवडत बसल्या. विचारलं काहीच नाही. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी मीच त्यांच्या कानात सांगितलं. आमच्या घरी पोवारी बोली बोलत, शाळेची भाषा मला नवीन होती. लघवी लागली तर करंगळी वर करून 'एकी' म्हणायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. परकर ओला व्हायचा. वास येऊ नये म्हणून मी कुणाला जवळ येऊ देत नसे.

बाई हसल्या नाहीत. पदराला दुसरी गाठ मारली. आमच्याकडे गोष्टीला गोठ म्हणतात. "तुही गोठ ह्या गाठीत. आता हे माह्यासंगच सरनावर जाईन," त्या म्हणाल्या. लघवी लागली की मी येऊन ती गाठ ओढायची, एवढंच ठरलं. माझं चावणं आठवड्यात थांबलं. देवाखालोखाल मी त्या बाईला मानत होते, खोटं कशाला बोलू?

मग शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. मोहफुलांचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. "छडी नाही, मग शिस्त राहते कशी?" त्यांनी दरडावलं. बाईंची नोकरी अजून कच्ची होती. त्यांनी माझा हात धरून मला पुढे उभं केलं आणि सगळं सांगितलं. परकर, ओल, वास, सगळं. "छडीनं हे कसं समजलं असतं, साहेब?" साहेबांनी मान डोलावली आणि चांगला शेरा लिहिला. मागे अख्खा वर्ग नाक धरून हसत होता.

मी बाईंच्या मनगटाला चावले, रक्त येईपर्यंत. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. हळूच म्हणाल्या, "आता काऊन चावली, ते नोको सांगू. मले समजलं."

समजलं, पण पुढे त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चौथीपर्यंत माझं नाव 'ओली' होतं. पुढे मीही मास्तरीण झाले. छडी मीही घेतली नाही, पदराला गाठ माझ्याही असते. विद्या त्यांचीच, आणि तेच मला जास्त डाचतं.

चौथीत होते तेव्हा त्यांची बदली झाली. सारी शाळा स्टेशनवर गेली. बाईंनी माझ्यापुढे गाठ सोडली, फुलं धरली. मनगटावर माझ्या दातांची खूण अजून होती. मी हात पुढे केला नाही. वर्गातून बाहेर जायला विचारावं तशी, त्यांना एकट्यांनाच दिसेल अशी करंगळी वर केली, आणि गाडी सुटायच्या आत फलाटावरून निघून आले.