सासूबाई खुर्चीत बसल्या

माझ्या सासूबाई इंदुमतीबाई नागपुरात एकतीस वर्षं सरकारी कचेरीत शिपाई होत्या. साहेबासमोर बसायचं नसतं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं, की कॅनडात, कॅल्गरीच्या आमच्या घरीसुद्धा सरकारी पत्र आलं तर त्या ते उभ्यानेच ऐकत. मी चिडवायचो, "आई, पाकिटात साहेब नाही बसलेला!"

मग ते पत्र आलं. इथे कायमचं राहू द्या, हा त्यांचा अर्ज नामंजूर. कारण काय, तर भारतात मुलगा आहे, तो सांभाळील. तो मुलगा, बुद्धभूषण, वारून दोन वर्षं झाली होती. मृत्यूचा दाखला अर्जाला जोडलेला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी बायको स्वाती, त्यांची आता एकुलती उरलेली लेक, म्हणाली, "फेडरल कोर्टात चॅलेंज करू."

"सरकारवर केस?" आई दचकल्या. "आपण कोण जी?"

सरकारला जाब विचारायचं हेच तर कोर्ट. १८७५ साली दुसऱ्या नावाने सुरू झालं, १९७१ मध्ये फेडरल कोर्ट झालं. न्यायाधीश राहतात राजधानी ओटावाकडे आणि सुनावणीसाठी देशभर फिरतात. अर्ज मंजूर करणं त्यांचं काम नाही. अधिकाऱ्याने निर्णय नीट घेतला का, एवढंच ते बघतात.

सुनावणीला पुकारा झाला. एका बाजूला इंदुमती मेश्राम, दुसऱ्या बाजूला इमिग्रेशन खात्याचे मंत्री. आईंनी दाराकडे पाहिलं. "मंत्री आले नाही का जी अजून?"

"त्यांचा वकील आलाय."

न्यायाधीशबाई आल्या. सगळे उठले, सगळे बसले. आई उभ्याच! न्यायाधीशबाई हसून म्हणाल्या, "प्लीज, मॅडम, हॅव अ सीट."

आई बसल्या. मग मंत्र्यांचा वकील उभा राहिला.

"पेज फॉर्टी-सिक्स," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि दाखल्यावरचं बुद्धभूषणचं नाव अक्षरं जुळवत सावकाश वाचलं. हे पान अधिकाऱ्याने पाहिलं होतं का? वकील कागद उलटत राहिला. एका शिपाईबाईच्या लेकाच्या दाखल्यासाठी सरकार उत्तर शोधत होतं!

निकाल लागला: दुसऱ्या अधिकाऱ्याने नव्याने विचार करावा. मी म्हणालो, "आई, पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, अजून मिळालेली नाही बरं का."

"नसू दे. पोराचं नाव वाचलं त्यांनी."

बर्फ वितळता वितळता दुसरं पत्र आलं. आईंनी खुर्ची ओढली, ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "हं, वाचा आता, जावईबुवा."

मी उभ्याने वाचलं. मंजूर.