खोतची चढाई

मैदानात उतरण्यापूर्वी खोत वाकून मातीला हात लावायचा आणि तो हात कपाळाकडे न्यायचा. कपाळ हेल्मेटच्या आत. मग ती माती हेल्मेटलाच फासली जायची आणि खोत समाधानाने पळत आत शिरायचा. आयर्लंडातल्या या स्लायगोची माती म्हणजे बारा महिने चिखल. सामना सुरू व्हायच्या आधीच आमचा हा एक गडी लोळून आल्यासारखा दिसायचा.

मी रेषेबाहेर उभी असायचे, हातात औषधांची पेटी आणि अंगात दोन स्वेटर. मी मूळची नागपूरची, स्लायगोच्या इस्पितळात डॉक्टर. अमेरिकन फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की डॉक्टर हजर असल्याशिवाय सामना सुरू होत नसे आणि कॉलेजच्या पोरांनी नव्याने काढलेल्या या टीमला कुणी डॉक्टर मिळत नव्हता. एके दिवशी दारात एक बुटका, भरलेल्या मांड्यांचा मुलगा उभा. “ताई, मी महेंद्र खोत, पेणचा. इथं एमएस्सी करतोय. रविवारी काय करता तुम्ही?”

“झोपते,” मी म्हटलं.

“मग मैदानावर झोपा की. खुर्ची आम्ही देतो. डॉक्टर नुसता दिसला म्हणजे झालं.”

ती खुर्ची शेवटपर्यंत आली नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांना सांगते, नावात फुटबॉल असला तरी पायाचं काम त्यात फारसं नाही. लांबट चेंडू पोटाशी धरायचा, समोरच्यांच्या हद्दीत घुसायचं आणि त्यांच्या टोकाची रेषा ओलांडायची. त्यांनी तुम्हाला आडवं करायचं. टीमचा कोच डेक्लन बरीच वर्षं बॉस्टनला बांधकामावर होता. आयर्लंडात कामं निघाली तसा तो गावी परतला आणि येताना हा खेळ घेऊन आला. बाकीची पोरं इथलीच, गेलिक फुटबॉल खेळून वाढलेली. खोत मात्र शाळेपासून कबड्डी खेळलेला, गावच्या मंडळाचा हुकमी चढाईपटू. पहिल्याच दिवशी डेक्लनने त्याला विचारलं, की कधी कुणाला पाडलंयस का? खोतने खाली वाकून त्याचा घोटा धरला. डेक्लन चिखलात पडल्या पडल्याच म्हणाला, “ग्रँड!”

पकड करणारा गडी म्हणून खोत टीममध्ये रुजला. मध्यंतरात तो सगळ्यांना गोल उभं करून ओरडायचा, “दम आहे ना?” आणि ती लालबुंद गालांची पोरं एका सुरात ओरडायची, “दम!” त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला होता की नाही, देव जाणे. दम भरपूर होता, पण आम्ही हरत होतो. दर रविवारी हरत होतो. पोरांना त्याचं काही वाटायचं नाही. खेळ झाला, क्रॅक झाला (मजेला ते क्रॅकच म्हणतात), चला पबमध्ये. खोत मात्र माझ्या गाडीत येऊन बसायचा, सीटवर पसरलेल्या वर्तमानपत्रांवर, आणि घरापर्यंत एक अक्षर बोलायचा नाही.

एकदा मीच म्हटलं, “अरे, खेळच आहे तो. इतकं काय मनाला लावून घेतोस?”

“ताई, मी निघालो ना, तेव्हा आमच्या मंडळाची जिल्ह्याची फायनल होती. त्याच दिवशी माझं विमान. पोरं हरली. फोनवर कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.” खिडकीबाहेर बघत तो पुढे म्हणाला, “एक सामना जिंकायचाय. कुठल्यातरी टीमसाठी. मग झालं.”

त्या दिवसापासून मीही रेषेबाहेरून घसा फोडून ओरडू लागले. नागपूरकडचं ओरडणं ते, पंचसुद्धा दचकायचे.

हंगामातला शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता, डब्लिनहून आलेल्या टीमशी. आम्ही जवळजवळ बरोबरीत होतो, हेच आम्हाला खरं वाटत नव्हतं. वेळ संपत आली. एकदा रेषा ओलांडली की जिंकलो. तेवढ्यात आमचा पुढे पळणारा पोरगा पाय मुरगळून माझ्या ताब्यात आला आणि डेक्लनने त्याच्या जागी खोतला पुढे धाडलं. चढाईला, पहिल्यांदाच.

चेंडू उंच आला आणि खोतने तो छातीशी झेलला. तो त्यांच्या हद्दीत अगदी खोलवर होता, रेषा समोर दिसत होती. दोन्ही बाजूंनी दोघे धावून आले. खोत एकाच्या अंगाखालून निसटला, जाता जाता त्याच्या खांद्याला हात लावला, आणि वळला. वळून तो उलटा, आमच्या बाजूला पळत सुटला. काय पळाला! मैदानावर इतकं सुंदर पळताना मी कुणालाच पाहिलं नाही. समोरचे तर जागच्या जागी थिजले होते. मधल्या रेषेशी येऊन त्याने खाली हात टेकला, चेंडूसकट दोन्ही हात वर केले, आणि मग समोरचे सगळे त्याच्या अंगावर कोसळले. शिटी वाजली. सामना संपला होता आणि आम्ही हरलो होतो.

मी पेटी घेऊन धावले. तो उताणा पडला होता. “कुठे लागलं?” मी विचारलं. हेल्मेटच्या जाळीआड त्याचे डोळे भरून वाहत होते.

“ताई, शिवलं होतं मी त्याला,” तो म्हणाला. “आणि परत आलो. आपल्या खेळात परत आल्याशिवाय गुण नाही ना.”

मला हसू येत होतं आणि रडूही. जाळीतून त्याचे डोळेही पुसता येईनात. डेक्लनने त्याला उठवून मिठी मारली. एकाही पोराने त्याला बोल लावला नाही, आणि खोतला काय सलत असेल ते मला कळलं.

एमएस्सी झाल्यावर त्याला कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी मिळत होती. ती न घेता तो पेणला परत निघाला. मी त्याला बसपर्यंत सोडायला गेले. “वेडा आहेस तू,” मी म्हटलं. “असेन,” तो म्हणाला. “तुम्ही कधी परत येताय?”

“पुढच्या वर्षी,” मी म्हटलं. इथं आलेले आपले सगळेच तसं म्हणतात.

तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. टीम टिकली, पोरं बदलत गेली, मी अजून रेषेबाहेर उभी असते. परवाच्या रविवारी मैदानात उतरण्यापूर्वी सगळी पोरं वाकली, मातीला हात लावला आणि तो हेल्मेटला फासला. त्यांच्यापैकी एकानेही खोतला पाहिलेलं नाही. हे कशासाठी करता, असं मी एकाला विचारलं. तो खांदे उडवून म्हणाला, इथं असंच करतात.

मी खोतला पेणला फोन लावला. तो आता नोकरी सांभाळून संध्याकाळी मंडळाच्या पोरांना शिकवतो. मागे त्यांचा गलका ऐकू येत होता. मी मातीचं सांगितलं.

“जिंकले का?”

“जिंकले.”

“झालं मग,” तो म्हणाला. मग आवाज थोडा खाली आणून त्याने विचारलं, “आणि ताई, तुम्ही? दम आहे ना अजून?”

“आहे,” मी म्हटलं.