दूध उतरण्यासाठी आणलेले मूळ

आमचे तिसरे मूल, मुलगी, जन्मली तेव्हा मी निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत वजनाच्या काट्यावर होतो. तिच्या आधीची दोन्ही मुले चाळीस दिवसांच्या आत गेली होती. हिलाही आईचे दूध पुरेना. माझ्या आईने सुनेला अळिवाची खीर दिली, बाळंतशेपा चावायला दिला, जेवणात लसूण वाढवला. सात दिवसांत काही फरक पडला नाही. बकरीचे दूध दिले, तर पोरीला हगवण लागली.

शेजारच्या कानडी बाईने एका मुळाचे नाव सांगितले. ते घोकत मी काष्ठौषधींच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "हालु मक्कळ तायी बेरु द्या." कानडीत हालु म्हणजे दूध. दूध, मुले, आई, मूळ. नाव बरोबरच असणार, अशी माझी समजूत.

दुकानदार हसला. "हालु न्हवं आण्णा, हलवु! लई पोरांच्या आईचं मूळ. मराठीत शतावरी. घरात किती हाईत पोरं?"

"तीन," मी म्हणालो. आकड्यात मी सहसा चुकत नाही.

घरी मूळ दुधात उकळून बायकोला दिले. तिने नाव विचारले, मी अर्थासकट सांगितले. सांगायला नको होते. वाटी तोंडाशी नेता नेता ती थांबली.

"लई कशाला? हिची तरी आई ऱ्हाऊ दे मला," ती म्हणाली आणि प्याली.

रोज दोन वेळा, असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी सकाळी तिची चोळी भिजली. आई ओरडली, "उतरलं गं बाई, उतरलं!" पण पोरीच्या अंगात ओढायचे बळ उरले नव्हते. दूध वाटीत पिळून आम्ही बोळ्याने पाजू लागलो. मी थेंब मोजत होतो. आत किती गेले आणि ओठांवरून किती ओघळले, हे मात्र कळत नव्हते.

"अवं, मोजू नका," बायको म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पोर गेली.

मुळाने दूध आले की आपोआप आले, मला सांगता येणार नाही. ते थांबेना, एवढे खरे. छातीत गाठी झाल्या, ताप भरला. मोगऱ्याची फुले बांधली की दूध आटते, असे आई म्हणाली.

बाजारात मी पावशेर फुले मागितली.

"एवढी? देवाला का बायकूला?" फुलवालीने विचारले.

"बायकोला."

"लई हौस दिसती की आण्णा!" हसत तिने वर आणखी एक ओंजळ टाकली. मी ती घेतली.