दुखत नसलं तरी ये

अपघात विभागासमोर ऑटो थांबला आणि सिस्टरनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. जऊळक्याकडची ती बाई पुन्हा आली होती. छाती आवळलेली, श्वास भराभर, बोटं वाकडी झालेली. सोयाबीनचे दिवस होते. सकाळपासून मळणीयंत्रात सापडलेले हात बघून माझा जीव विटला होता. खरं सांगते, मला तिचा रागच आला.

पण राग आला म्हणून ईसीजी टाळता येत नाही. गोष्टीतला लांडगा शेवटी खरंच आला होता, हे आमच्या कामात विसरून चालत नाही. ईसीजी काढला, रक्त तपासलं. नेहमीसारखं सगळं ठीक. शेजारी बसून तिला सावकाश श्वास घ्यायला लावला, तशी बोटं सैल झाली.

नवरा सलाईन लावा म्हणत होता. सलाईन नाही म्हणजे इलाजच नाही, असं इकडे सगळेच धरून चालतात. मी गरज नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मशीनमंदी काई नाई, मंग ही ढोंग करून राह्यली का?"

ती डोळे मिटून ऐकत होती. मी 'काही नाही' म्हटलं असतं, तर घरी जन्मभर तेच तिच्या तोंडावर फेकलं गेलं असतं. म्हणून सांगितलं की दुखणं खरं आहे, फक्त हृदयाचं नाही. मनावरचा ताण असा अंगातून निघतो, कुणी मुद्दाम आणत नाही. दर मंगळवारी ओपीडीत आणा, दुखत नसलं तरी. ठरलेल्या दिवशी कुणी ऐकून घेतलं की अशा फेऱ्या कमी होतात. हे मी कितीजणांना सांगितलं असेल. बहुतेक वेळा पालथ्या घड्यावर पाणी.

नवरा ऑटो बघायला गेला. ती उठून बसली, पदर सारखा केला. मी पुन्हा म्हटलं, दुखत नसलं तरी ये.

ती दमलेलं हसली. "दुखल्याबिगर मले घरातून कोण सोडते, म्याडम?"

त्या मंगळवारी ती आली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा ऑटो थांबला, पुन्हा सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. या खेपेला राग आला नाही, फार थकल्यासारखं मात्र वाटलं. सगळी तपासणी केली आणि नवऱ्याला बाजूला घेतलं. चेहरा जमेल तितका गंभीर करून म्हटलं, आजार जुना आहे, दर मंगळवारी दाखवावंच लागेल, एकही खेप चुकली तर बरं वाटणार नाही. यात खोटं काहीच नव्हतं.

त्यानं मान डोलावली. "किती वाजता आणू?"